खिळे ठोकलेलं मागचं दार

नाशिकच्या नोकरीसाठी चंद्रपूर सोडलं, तेव्हा मी समोरच्या दारातून निघाले. आमच्या घरांच्या ओळीची ही रीत नव्हती. गावाला जाणाऱ्यानं मागच्या दारानं निघायचं, कारण सगळ्या बाया मागं बसलेल्या असायच्या. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी पोरीची वेणी घालतंय. त्यांना 'येते' म्हणत ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत पिशवीत चार घरचं खाणं जमायचं. त्या सकाळी मात्र मागचं दार खिळे ठोकून बंद होतं.

आमच्या मागं लाकडाचा डेपो होता. सागाचे ओंडके, ट्रक, हमालांचा आरडाओरडा. आई वैतागायची, पण तिचा जीव त्या गजबजीतच रमायचा. ऐंशीनंतर डेपो हलला आणि जागा तशीच पडून राहिली. बेशरमाची झुडपं माजली, कचरा आला, डुकरं आली, संध्याकाळी दारुडे. एकेक करत बाया घरात गेल्या. आईचं बोलणंच कमी झालं.

बाबांना ते बघवेना. एका उन्हाळ्यात त्यांनी ओळीतली माणसं जमवून ती झुडपं तोडली आणि डुकरं येऊ नयेत म्हणून त्याच काड्यांचं कुंपण घातलं. "आता बस मांगं बिनधास्त," ते आईला म्हणाले. ती बसली. शेजारची शांताबाईही आली. पावसाळ्यात त्या मेल्या काड्यांना पालवी फुटली. बघता बघता कुंपण डोक्यावर गेलं, अंगणात साप निघाला, आणि बाबांनीच दाराला खिळे ठोकले. इतका खजील झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाबा गेल्यावर आईला नाशिकला चल म्हटलं. फ्लॅट आहे, गॅलरी आहे. "मी इथीच बरी आहो, बाई," ती म्हणायची. ती तापानं पडली, तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शांताबाईला पत्ता नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. माझ्या गळ्यात पडून शांताबाई रडली, "पयले ते खोकली तरी मले आवाज येत होता वं."

आईच्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून निघताना मी पक्कड मागितली आणि दाराचे खिळे उपटले. समोर हिरवीगार भिंत, वर जांभळी फुलं. मागच्या ओट्यावर कुणीच नव्हतं. तरी मी 'येते' म्हटलं आणि मोठ्यानं रडले.

आपण निघालो हे ज्यांना सांगायचं, ती माणसं म्हणजे घर. नाशिकला मी नुसतं कुलूप लावते आणि जिना उतरते.