न रडणारं बाळ

निम्मे कपडे दोरीवर गेले होते, निम्मे पिळून बादलीत तसेच होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. टाचवाल्या सिस्टरनी ओल्या हातानंच तो ऐकला आणि बादली तिथेच सोडून चपला घातल्या.

'टाचवाल्या सिस्टर' हे नाव त्यांना दवाखान्यानं दिलं होतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर टिपायचा आणि तपासायला पाठवायचा, हेच त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. "लोक बाळाचा चेहरा आधी बघतात, आमची ही टाच बघते," असं नवरा चिडवायचा. त्या हसायच्या, पण तो थेंब वाळताना पाहिला की आजही त्यांचे हात आपोआप जोडले जायचे. ज्याला बोलता येत नाही, त्याचं देव त्या थेंबाकडून बोलून घेतो, असं त्यांना वाटे.

आज एका बाळाच्या थेंबानं सांगितलं ते बरं नव्हतं. बाळाच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी कामच करत नसावी. औषध लगेच सुरू झालं नाही, तर मेंदूची वाढ खुंटणार आणि ती पुढे भरून निघणार नाही.

त्या बाळाच्या घरी दार आजीनं उघडलं. "हळू बोला बाई, झोपलंय. असं शहाणं बाळ आमच्या सात पिढ्यांत झालं नाही. रडणं म्हणून ठाऊक नाही."

सिस्टरनी निरोप सांगितला. आजच पुन्हा रक्त तपासायला हवं म्हणाल्या.

"पुन्हा? आधी टाच टोचलीत, आता दंड टोचणार. एवढ्याशा जिवात रक्त ते किती? चांगल्या लेकराला कशाला आजारी पाडता?"

बाळाची आई भिंतीला टेकून उभी होती. सिस्टरनी वाद घातला नाही. "दुधाला कधी उठतं?" एवढंच विचारलं.

"उठतंय कसलं. आम्हीच उठवतो. तळव्यांना ओलं फडकं लावलं की दोन घोट घेतं आणि परत..." आजी बोलता बोलता थांबली. तिनं स्वतःची चार वाढवली होती. त्यांतल्या एकालाही भुकेसाठी उठवल्याचं तिला आठवेना. तिनं दुपट्यात हात घातला. पाय गार होते.

"सूनबाई, शाल आण," ती म्हणाली. "मीही येते."

दुसऱ्या तपासणीनंही तेच सांगितलं. डॉक्टरांनी छोटीशी गोळी दाखवली. रोज चुरून, चमचाभर आईच्या दुधातून द्यायची.

आजीनं ती गोळी तळहातावर घेतली. "माणूस घडायला एवढंच कमी पडत होतं?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाले. "पण एकही दिवस चुकवायचा नाही."

काही आठवड्यांनी सिस्टर त्या घराचा जिना चढत होत्या आणि मध्येच थबकल्या. वरून टाहो ऐकू येत होता, चांगला खणखणीत, भिंती हलवणारा.

आजी दारातच होती, केस विस्कटलेले. "ऐका तुमचे प्रताप. घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. शेजारीण भांडून गेली. कितीही पाजा, याचं आपलं आणा म्हणून चालूच." ओरडता ओरडता बाळानं सिस्टरकडे रोखून पाहिलं आणि पाय झाडले. त्यांनी तो पाय तळहातावर घेतला. ऊबदार होता. एवढ्याशा पांढऱ्या चुऱ्यात देवानं हा सगळा आवाज ठेवला होता.

"बसा की, चहा टाकते," आजी म्हणाली.

"नको, आजी. प्रसूतिगृहात जुळी आहेत. त्यांच्या टाचा घ्यायच्यात."