कंपनी फोडायचा ठराव

गुणाबाईला राग आला की ती आधी पदर खोचते, मग बोलते. आरमोरीकडच्या तिच्या गावात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराने हे एकदा पाहिलं. पत्त्याचे पुडे मोजणारा मुनशी त्याचा, पुडा चांगला की वाईट ठरवणारा तोच, आणि वाईट म्हणून फेकलेला पुडाही शेवटी त्याच्याच ट्रकमध्ये. कुंपणच शेत खात होतं. गुणाबाईने बायका उभ्या केल्या, ग्रामसभेने पत्ता स्वतः विकायला घेतला आणि ठेकेदाराला गाव सोडावं लागलं.

यंदा तिने पुन्हा पदर खोचला, तो सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीवर. हसू नका.

तिची मुलगी रीता गडचिरोलीला कॉम्प्युटर शिकली. मोहफुलं वेचताना बायका जंगलात पांगतात आणि एखादी परत येत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. तिने एक ॲप बनवलं. वाघ दिसला की बटण दाबायचं. रेंज नसली तरी एका फोनवरून जवळच्या दुसऱ्यावर निरोप जातो आणि सगळे फोन शिट्टी मारतात. आठवडी बाजारात बसून तिने ते एकेकीच्या फोनमध्ये घालून दिलं. दोन हंगाम नीट गेले.

मग फोनची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीने ठरवलं की आमच्या ॲप-दुकानातून न घेतलेलं ॲप धोक्याचं. सगळ्यांच्या फोनमधलं ते परस्पर मुकं करून टाकलं. विचारलं नाही, सांगितलंही नाही. धोक्याचं म्हणे! धोका तिकडे बांबूच्या बेटात बसला होता.

फुलं वेचायला गेलेल्या सीताला तो वाघ दिसला. तिने बटण दाबलं आणि गुपचूप मागे सरकली. ओरडायची सवय आता कुणालाच राहिली नव्हती. पलीकडे गुणाबाईची जाऊ ठमाबाई वाकून फुलं वेचत होती. तिच्या कमरेचा फोन वाजलाच नाही. वाघाने झडप घातली. ठमाबाई वाचली, पण उजवा खांदा फाटला.

“काऊन नाई सांगतलं वं?” दवाखान्यात तिने सीताला विचारलं.

“बटन दाबली ना वं मी,” म्हणत सीता रडत राहिली.

रीताने कंपनीच्या दुकानात ॲप ठेवायला अर्ज केला. तिकडून माणसाने नाही, यंत्राने उत्तर दिलं: ॲप सतत चालू ठेवण्याचं कारण मान्य नाही. वाघ हे कारणच त्यांच्याकडे नव्हतं. माझं तर डोकंच फिरलं.

ग्रामसभेत गुणाबाई उभी राहिली. “फोन चालवनारा तोच, दुकान बी त्याचंच, आन दुसऱ्याचा माल वाईट हे बी तोच सांगन? फोडा त्याले. दुकान येकाले द्या, यंत्र दुसऱ्याले.”

सचिव प्रवीण म्हणाला, “काकू, गुलाबभाऊनं लग्नपत्रिका समजून भलतंच ॲप घेतलं, तं खातं साफ झालं. राखनदार तं पायजे ना?”

गुलाबभाऊ समोरच बसले होते आणि प्रवीण खोटं बोलत नव्हता.

“पायजे,” गुणाबाई म्हणाली. “पन राखनदारानं दुकान नाई टाकावं.”

“आपल्या ठरावानं येवढी कंपनी फुटते का?”

“ठेकेदाराच्या वक्ताले बी असंच म्हनत होते सारे. तू लिव.”

प्रवीणने लिहिलं. सह्या सुरू झाल्या. ठमाबाई पुढे आली. बचत गटात अंगठा लावणाऱ्या बायकांना दटावून सही शिकवणारी ही बाई. उजव्या हाताच्या बोटांना पेन धरवेना. तिने डावा अंगठा शाईत बुडवला आणि सगळ्यांसमोर कागदावर दाबला.