सोमेश्वर सरांच्या नाटकातला फोन

सोमेश्वर सर हा माणूस मुळातच भित्रा. युसूफ वडगावहून नेकनूरजवळच्या त्या संस्थेच्या शाळेत मराठी शिकवायला आले त्याला सहा वर्षं झाली. तरी हेडमास्तरांनी नुसतं “सर, जरा या” म्हटलं की यांच्या हातातला खडू मोडतो. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलतात, बायको गप्प बसली तर अर्ध्या ताटावरून उठतात. अशा माणसाला पोरांची नाटकं बसवायचा नाद लागावा, हा देवाचाच चावटपणा म्हणायचा.

त्यांची रीतही जगावेगळी. लिहिलेलं नाटक पोरांच्या हातात द्यायचं नाही. दर शनिवारी पोरांनी घरात, पारावर, एसटीत ऐकलेली एकेक गोष्ट आणायची आणि करून दाखवायची. सर ती वहीत उतरवून घेणार आणि गोधडीसारखं नाटक शिवणार. निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, पोरं आज्यांजवळ. आणि आज्यांच्या तोंडून जो माल बाहेर पडतो त्याला काय तोटा!

यंदाच्या गॅदरिंगचं नाटक होतं गावच्या विजेच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. डीपी जळालेली, मोटारी बंद, आणि सारं गाव पुढाऱ्याच्या दारात. पुढारी झाली होती सातवीतली शिवकन्या. एका शनिवारी तिनं करून दाखवलं: पुढारी सगळ्यांसमोर खिशातनं फोन काढतो, साहेबाला झाडतो, “उद्या डीपी न्हाई आली तर गाठ माझ्याशी हाय!” म्हणतो, आणि फोन असतो बंद. सर हसून हसून बाकावर बसले. काय डोकं आहे पोरीचं, म्हणून तिला पेन बक्षीस दिलं.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी हेडमास्तर रामप्रसाद तालीम बघायला आले. शिवकन्येनं उपरणं झटकलं, दोनदा घसा खाकरला, फोन काढला. हेडमास्तरांच्या कपातला चहा विजारीवर सांडला, आणि ते हसणाऱ्या सरांकडं वळले.

“कावून हसता हो सर? ओळखलं न्हाई का? आपले अध्यक्ष हायेत की ते!”

“कोण अध्यक्ष?”

“राधाकिशनराव, आपल्या संस्थेचे! हिची आजी छबुबाई गेलती त्यांच्याकडं डीपीसाठी. खुर्चीच्या मागं उभी होती म्हातारी. फोनमधी उजेडच नव्हता! तवापासून सारं गाव हसतंय. तुमाला ठावं न्हाई?”

नव्हतंच ठावं. चुगल्या-चहाड्यांना भिऊन जो पारावर कधी टेकत नाही, त्याला गावातलं कोण सांगणार? चार वाजता नाटक, आणि पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे राधाकिशनराव. सरांची नोकरीत कायम केल्याची ऑर्डर त्यांच्याच सहीवाचून अडलेली. सरांनी तालीम थांबवली. त्यांनी शिवकन्येला कोपऱ्यात घेतलं.

“बाळा, फोनचं काढून टाकू आपण.”

“मग पुढारी करील काय, सर?”

“नुसतं बघतो म्हणायचं.”

“ते तर ते रोजच म्हणत्यात,” पोरगी म्हणाली. पण सरांचा चेहरा बघून तिनं मान डोलावली.

चार वाजले. मांडवात म्हाताऱ्या-कोताऱ्यांची दाटी. सर पडद्याआड उभे, शर्ट पाठीला चिकटलेला. नाटक चाललं छान. गावकरी पुढाऱ्याच्या पाया पडले, शिवकन्येचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं सरांकडं पाहिलं. सरांनी हात जोडले. पोरगी म्हणाली, “बघतो मी.” पुढं तिला काही सुचेना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं छबुबाईचा खणखणीत आवाज आला, “लाव की फोन, पोरी! लाजतीस कावून?”

शिवकन्येनं फोन काढून साहेबाला झाडलं, आणि मांडव असा हसला की कनातीची दोरी सुटली. हसता हसता लोकांच्या माना हळूच पहिल्या रांगेकडं वळल्या, आणि हसू जागच्या जागी विरलं. राधाकिशनराव उठले, स्टेजवर चढले, माईक हातात घेतला.

“लई झकास. ह्या फोनचं डोकं कुणाचं म्हणायचं?”

पडद्याआड हेडमास्तर सरांच्या कानात फुसफुसले, “पोरीनं मनानं केलं म्हणा. सुटाल.”

सुटले असते. पण समोर छबुबाई पदर तोंडाशी धरून उभी होती, तिच्या घरची निराधार पेन्शनची फाईलही ह्याच माणसाच्या हातात. सर स्टेजवर आले.

“माझं, साहेब. मीच लिहिलं.”

राधाकिशनरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “उद्या ऑफिसात या. फाईल घिऊन.”

सही करायला की फाडायला, ते सांगितलं नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी निघताना बायकोला गॅस, लाईटबिल, पोरांची फी, सगळं नीट समजावून सांगितलं. जणू माणूस सीमेवरच चालला होता. ऑफिसात दोन तास नुसतं बसवून ठेवलं. मग राधाकिशनरावांनी फाईल ओढली आणि सही ठोकली. मनाचा मोठेपणा म्हणा, नाहीतर तोंडावर आलेली निवडणूक म्हणा. हसणाऱ्या गावावर कोण चिडून दाखवणार?

“मात्र एक करायचं, सर,” फाईल हातात देता देता ते हसले. “माझं झालं. आता पुढचं नाटक त्या युवराजचं करा. उभा राहतोय माझ्याविरुद्ध. काय काय लिहायचं ते मी सांगतो.”

“साहेब, नाटक पोरं आणतात…”

“मग पोरायला सांगा की काय आणायचं ते!”

सर बाहेर आले ते जाताना होते त्याहून जास्त भेदरलेले. ऑर्डर खिशात, पण आता नाटकच गहाण पडल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी वर्गात शिवकन्येनं विचारलं, “सर, आता काय आणायचं?”

सरांनी खडू खाली ठेवला. दारापर्यंत जाऊन व्हरांडा बघितला. परत आले.

“घरी जे ऐकाल ते,” म्हणाले. “कुणाचंही.”

आणि वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.