गोळी पोटात गेली पाह्यजे

सिंधूबाईंसमोर गोळी घेतली की तोंड उघडून दाखवावं लागे. "आ कर. आता जीभ वर. गोळी पोटात गेली पाह्यजे, पदरात नाई." चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या, मी त्यांच्या हाताखाली. भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्या थेट बांधावर जात. बायकांचे हात चिखलात, म्हणून गोळी स्वतःच त्यांच्या तोंडात घालत. कुणी नाक मुरडलं की म्हणत, "सरकारची गोळी फुकट हाय, हलकी नाई."

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा मला मिळाली. बायका माझ्याकडे येऊ लागल्या. एरवी बायकांनी भरलेला बाईंच्या घरचा ओटा ओस पडला. त्यांना ते फार लागलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नागपूरहून कुठल्याशा कंपनीचा एक टायवाला आला. समाजमंदिरात त्यानं ग्लुटाथिऑनच्या कॅप्सूलवर भाषण दिलं. बाईंना पुढं खुर्ची, गळ्यात हार. आठवड्याभरात त्यांच्या घरी खोकी आली आणि ओटा पुन्हा भरला. जुन्याच पद्धतीनं, आ करायला लावून, त्या कॅप्सूल देत. बाईंनी दिली म्हणून गावानं गिळली.

त्यांना स्वतःला बीपी होता. महिन्याच्या गोळ्या मी पोचवत असे. एकदा पाहिलं, मागच्याच पाकिटाला हात लागलेला नव्हता.

"बाई, हे काय?"

"अंगाले आतून गंज चढते, वनिता. हे कॅप्सूल गंज काढते. मंग बीपी राह्यते कशाले?"

मी डॉक्टरांना विचारून आले होते. हे द्रव्य शरीर स्वतःच बनवतं, आणि कॅप्सूलनं बीपी उतरत नाही, हे स्पष्ट सांगितलं. दंडाला पट्टा बांधून वाढलेला आकडाही दाखवला.

"तुह्या मशीनलेच गंज लागला," त्या हसल्या. ओट्यावरच्या बायकाही हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मीच तुही गोळी खाल्ली, तं ह्या बाया माह्यापाशी काऊन येतीन वं?"

भाताच्या कापणीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. टायवाल्याला मी तीनदा फोन केला. तो आला नाही. ओट्यावरच्या बायकांपैकी एकच आली. ती दारातूनच म्हणाली, "बाई, माही कॅप्सूलची डबी सरली. आता कोणापासून घेऊ?"

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती गेल्यावर मी त्यांना टेकवून बसवलं आणि बीपीची गोळी पेजेच्या चमच्यातून भरवली. मी काही म्हटलं नव्हतं. त्यांनीच वाकडं तोंड उघडलं आणि जीभ वर करायला लागल्या. ती एका बाजूला घसरत राहिली.

मी वाकून पाहिलं. गोळी गालातच होती.