खवल्यांसकट

नेरच्या बसस्टँडमागे प्रभावती मनवरची खानावळ आहे. पाटी नाही. पाटी लावायची म्हणून तीन वर्षांपूर्वी पत्रा आणला होता, पण मोरीवर पाणी गळतं म्हणून तो तिथं ठोकला आणि तिथंच राहिला. लोक तिला ‘मागची खानावळ’ म्हणतात. समोरची कोणती, ते कुणाला विचारलं तर सांगता येत नाही.

चार टेबलं, दोन शेगड्या, भाकरी, वरण, भात, एक भाजी. गुरुवारी आणि रविवारी मच्छी. मदतीला कौसल्या, जिचा कांदा चिरायचा वेग समोरच्या गप्पांवर ठरतो. गप्पा रंगल्या की एका कांद्याला पंधरा मिनिटं.

खानावळीचा नियम एकच. ताटात उष्टं टाकलं तरी चालेल, मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली तरी चालेल. पण भरलेलं ताट हात न लावता परत केलं, तर त्या माणसाला इथं दुसरं ताट नाही. आजवर असे दोघे झाले. एक बियाणे विकणारा पोरगा आणि एक कंडक्टर. कंडक्टर पुढं दोन वर्षं नुसते शेंगदाणे खाऊन ड्यूटी करत होता असं कौसल्या सांगते. कौसल्या काहीही सांगते.

नियमाचं मूळ अकरा वर्षं जुनं. तेव्हा प्रभावती नेरजवळच्या एका खेड्यात शाळेची खिचडी शिजवायची. गावाचं नाव ती घेत नाही, आपणही घ्यायचं कारण नाही. पहिल्या दिवशी सत्तरातली वीस पोरं जेवली. आठवड्याभरात बारा. बाकीची पोरं रांगेत यायची, ताटात खिचडी घ्यायची आणि तशीच ओट्यावर आणून ठेवायची. एकामागे एक. वाफा निघणारी ताटं. ‘काहून रे बाळा?’ असं तिनं एकालाही विचारलं नाही. विचारायचं काय? पोरांना माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ५६ साली आजोबांनी धर्म बदलला, गावानं काहीच बदललं नाही. तिसऱ्या महिन्यात मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, राजीनाम्यात तब्येतीचं कारण लिहा.” तिनं लिहिलं. तब्येत ठणठणीत होती.

सुरुवातीला राग यायचा. मग रडू यायचं. मग काहीच येईना. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो आणि मुंग्या कधी येतात याची आपण वाट पाहतो, तशी तिनं काही वर्षं वाट पाहिली. मुंग्या आल्या नाहीत. तिनं खानावळ काढली.

दिवाळी पंधरा दिवसांवर होती तेव्हा गोविंदा एका माणसाला घेऊन आला. गोविंदा कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. बोलताना समोरच्याच्या ताटातला कांदा उचलून खाणारा.

“प्रभाताई, पाहुणा हाये आपला. नवी प्रेस बसवाले ठाण्याहून आले. नऊ दिवस जेवाचं तुमच्याकडं.”

पाहुणा पन्नाशीजवळचा, उंच, दाढी अर्धी पांढरी. रूबेन वाक्रुळकर. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. कापडी पिशवीतून त्यानं पातेलं काढलं, ताट काढलं, चमचा, सुरी, पेला. दुकान मांडल्यासारखं सगळं टेबलावर मांडलं.

“ताई, राग मानू नका. मी माझ्याच भांड्यात करून खातो. फक्त एक शेगडी द्या.”

“बरं,” प्रभावती म्हणाली. हा तिचा सगळ्यात जास्त वापरातला शब्द.

तो खिचडी टाकून, बटाटे उकडून, दोन केळी खाऊन गेला. जाताना शेगडी इतकी पुसून गेला की कौसल्याला त्याचाही राग आला.

“पाह्यलं वो बाई? आपल्या आजीच्या टायमाले लोक पाणी वरून वतत होते. हा तं चमचासुदिक घरून घेऊन फिरते!”

“ताट परत केलं नाई त्यानं.”

“घेतलंच नाई तं परत काय करीन?”

प्रभावतीनं तव्यावरची भाकरी उलटली. नियमात ते बसत नव्हतं, इतकंच.

तीन दिवस असेच गेले. मग गोविंदानं कुणाचा तरी कांदा खाता खाता सांगितलं, “मटण बाहेर खात नाई म्हंते, पण मच्छी चालते त्याईले.”

गुरुवारी उकंडा भोई धरणाची मच्छी घेऊन आला, तेव्हा प्रभावतीनं नेहमीच्या मालाशिवाय दीड किलोचा एक रोहू वेगळा घेतला. मग बाजारात जाऊन कोरा तवा आणि कोरं ताट आणलं. भांड्याचीच अडचण असेल तर भांडं कोरं घ्यावं, एवढं साधं तिचं गणित. हे सगळं काहून, असं विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कौसल्यानं विचारलं, सांगता आलं नाही.

दोघींनी मासा असा साफ केला की काय सांगावं. खवले काढले, साल काढली, काटे जमतील तेवढे काढले. हळद, तिखट, लसूण. पांढरेशुभ्र तुकडे तव्यावर लाल झाले. रूबेन आला तसं प्रभावतीनं स्वतः ताट नेऊन ठेवलं.

“कोरं हाये. तुमच्यासाठीच.”

त्यानं ताटाकडं पाहिलं.

“मासा कुठला?”

“रोहू.”

“साल?”

“सगळी काढली. एक खवला नाई राहू देल्ला.”

त्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं, क्षणभर धरलं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. अगदी हळू. आवाजही झाला नाही.

“नको ताई. आज पोट जरा बरं नाही.”

दोन केळी घेऊन तो निघून गेला. चारही टेबलांवरचे हात थांबले होते. कौसल्या प्रभावतीच्या तोंडाकडं पाहत राहिली, आता काही तरी होईल म्हणून.

“वरण पाह्य,” प्रभावती म्हणाली, “खाली लागून राह्यलं.”

ओट्यावर ताट होतं. त्यातून वाफा निघत होत्या. तिला काही वाटलं नाही. ताट आत सरकवलं आणि ती पुढची भाकरी थापायला बसली.

संध्याकाळी गोविंदा आला. “उद्यापासून पाहुण्याचं दुसरीकडं पाहा,” ती म्हणाली.

“काहून? काय झालं?”

“काई नाई. पोट बिघडलं त्याईचं.”

गोविंदा हसायलाच लागला. “इथंही बिघडलं काय? अवो, मंगळवारी आमच्या जिनिंगच्या शेटजीच्या घरी बिघडलं होतं! वहिनीनं चांदीचं ताट मांडलं, पुरणपोळी, चार भाज्या. हा माणूस म्हंते, पोट बरं नाई. दोन केळं खाल्ले, पाणी पेला तेही आपल्या बाटलीतलं. वहिनी अजून फुगून हाये. त्याईचं ताट जन्मात कोणी परत केलं नोतं.”

“शेटजीच्या घरी?”

“हव.”

“चांदीचं ताट?”

“हव ना बाप्पा! ज्यू हायेत थे. अलिबागकडले. आपल्यापेक्षा साफ मराठी बोलते, पण खाण्याचं त्याईचं काही तरी येगळंच हाये.”

प्रभावतीच्या माहितीतलं परत येणारं ताट एकाच दिशेनं यायचं. वरच्यांकडून तिच्याकडं. शेटजीच्या घरातून परत आलेलं ताट कुठं ठेवायचं, तिला समजेना. त्या रात्री तिनं भांडी दोनदा धुतली. पहिल्यांदा धुतल्याचं लक्षात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी रूबेन आपला पेला घेऊन चहा करायला आला. दुसरीकडं जायचंय हे त्याला सांगायची हिंमत गोविंदानं केली नव्हती; त्यानं ते प्रभावतीवर सोडलं होतं. कौसल्यानं कांदा हातात घेतला.

“काहून?” प्रभावती म्हणाली.

“काय ताई?”

“काल ताट परत केलं. काहून?”

अकरा वर्षं राखून ठेवलेला शब्द, पण तिनं तो यवतमाळची बस किती वाजता आहे असं विचारावं तसा विचारला.

“अहो, पोट जरा…”

“पोटाचं नका सांगू. तब्येतीचं कारण मीबी एकदा लिवून देल्लं हाये. थे कवा सांगतात, मले मालूम हाये.”

तो बाकावर बसला. चहा उकळून वर आला, तो कौसल्यानं उतरवला. कान इकडेच होते.

“ताई, आमच्यात खाण्याचे नियम आहेत,” तो म्हणाला. “चालतं त्याला कोशेर म्हणतात. माशाला खवले आणि पर असले तरच तो चालतो. आणि ते मला माझ्या डोळ्यांनी पाहावे लागतात. तुम्ही एकही ठेवला नव्हता.”

“माय वो!” कौसल्यानं कांदा खाली ठेवला. “म्हंजे साफ केली म्हणून? अर्धा घंटा घासत होतो आमी!”

“मग तसं सांगाचं,” प्रभावती म्हणाली.

“आधी सांगायचो. वीस वर्षं फिरतोय. सांगण्यात अर्धा तास जातो, जेवण गार होतं आणि शेवटी समोरचा म्हणतोच, थोडं खा हो, काय होतंय? पोटावर कुणी वाद घालत नाही. म्हणून पोट.” मग हळूच म्हणाला, “चूक झाली. तुम्ही ताट नवं आणलं होतं.”

“तवाबी.”

तव्याचं त्याला माहीत नव्हतं.

“अन् भांडे? ते कोणाकोणाचे चालत नाई?” प्रभावतीनं विचारलं.

“कुणाचेच. बायकोची मावशी आमच्यातलीच, पण ती नियम पाळत नाही. तिच्याकडंही मी माझं ताट नेतो. तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय.” तो जरा हसला. “गावाकडं आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे होते, शनिवारी बंद ठेवायचो.”

“म्हंजे नाव तुमालेही ठेवलं होतं,” कौसल्या म्हणाली.

“होतं ना.”

प्रभावतीला वाटलं, आता आपल्याला काही तरी वाटायला पाहिजे. कारण मिळालं होतं, आणि ते माशात होतं. पण कारण ऐकायची सवय नसली की ते कानात नुसतं पडून राहतं. शिवाय माणूस गोड बोलणारा होता, आणि मुख्याध्यापकही गोडच बोलायचे.

तो गेल्यावर ती कौसल्याला म्हणाली, “रविवारी अख्खी मच्छी ठेवू त्याच्यापुढं. खवल्यांसकट. थेही परत केली, तं समजलं.”

“अन् खाल्ली तं?”

प्रभावतीनं शेगडी पुसायला घेतली.

शनिवारी रूबेन आला नाही. शनिवारी तो काम करत नाही, चूल पेटवत नाही, आदल्या दिवशीचं गार खातो, असं गोविंदा म्हणाला. कौसल्या म्हणाली, पळाला.

रविवारी उकंडानं सवयीनं माशावर सुरी धरली तर प्रभावतीनं हात अडवला. “घासू नको.”

“अख्खी? काहून वो बाई? दर खेपेले म्हंतं साफ करून दे, आज म्हंतं हात नको लावू.”

“अख्खी दे.”

दुपारी खानावळ रिकामी झाल्यावर रूबेन आला. तिनं रोहू परातीत घालून त्याच्यापुढं ठेवला. डोळे, शेपटी, चिखल, सगळ्यासकट. आणि हात बांधून उभी राहिली. त्यानं वाकून पाहिलं, पर उलगडून पाहिले, नखानं एक खवला उचकला. तो अलगद सुटून आला. त्यानं तो उजेडात धरला.

“चालेल,” तो म्हणाला.

शेगडी त्यानं स्वतः पेटवली; तेही त्यांच्यात आहे म्हणे. मासा स्वतःच्या सुरीनं साफ केला, कौसल्याच्या मानानं बराच वाईट. भात करून ताटात काढला, पिशवीतून आमसुलं काढली, मग पातेल्यात कालवण टाकलं. प्रभावती आपल्याच खानावळीत गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली. असं ती आजवर बसली नव्हती. हात कुठं ठेवायचे हे कळेना.

तो जेवला. काटे ताटाच्या कडेला लावत, भात पुसून पुसून. ताटात काही उरलं नाही. कौसल्यानं प्रभावतीकडं पाहिलं. प्रभावतीनं शेगडीकडं पाहिलं.

“आता तुम्ही घ्या,” रूबेन म्हणाला आणि तिच्या ताटात वाढायला लागला. वीतभर उंचीवरून. चमचा तिच्या ताटाला न लागू देता. कौसल्यानं ते पाहिलं. प्रभावतीनं पाहिलं. त्या पाहताहेत, हे त्यालाही दिसलं.

“माझा चमचा तुमच्या ताटाला लागला, तर मला तो पुन्हा वापरता येत नाही,” तो म्हणाला. “शेटजींच्या ताटालाही लागू दिला नसता.”

“मालूम हाये,” प्रभावती म्हणाली. “वाढा.”

तिनं घास घेतला. चावला. गिळला. मग ताट उचललं आणि ओट्यावर त्याच्यापुढं ठेवलं. हळू, आवाज न करता.

कौसल्याची सुरी कांद्यातच राहिली.

“का हो ताई?” रूबेननं विचारलं.

“खारट झालं.”

त्यानं पातेल्यात चमचा घालून चाखलं. “आहे खरं,” तो म्हणाला. स्वतः सगळं खाऊन बसला होता, तेव्हा त्याला कळलं नव्हतं की बोलला नव्हता, कुणास ठाऊक. त्यानं कालवणात गरम पाणी घातलं, आणखी एक आमसूल टाकलं, उकळी आणली आणि दुसऱ्या ताटात वरून वाढलं.

प्रभावती त्या ताटाकडं बघत बसली. नियम तिचा होता, आणि तो एक घास सोडला, तर नियमाप्रमाणं तिला दुसरं ताट नव्हतं. तिनं ते ओढून घेतलं.

“आता?” कौसल्यानं विचारलं.

“आता पाणचट,” प्रभावती म्हणाली, आणि भात कालवायला लागली.