मधूने पुसलेली फ्लॉपी

मधू गेल्याचा फोन त्याच्या गावाहून, वरशाहून आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. ते पुरं केलं आणि मग दुकान बंद केलं. रडायला दोन दिवसांनी जमलं.

मधू रोह्याच्या एका कंपनीत पंपांचा फिटर. संगणक स्वतःच शिकलेला. सुट्टीच्या दिवशी एसटीने पेणला येऊन आम्हा डीटीपीवाल्यांची मशीनं बघायचा. त्याची खरी ओळख मला पटली ती शलोमोकाकांच्या पुस्तकाच्या वेळी. काका आमच्या आळीतले, इथल्या मराठी ज्यू कुटुंबांपैकी. मुलाकडे इस्रायलला कायमचे निघाले होते. त्याआधी आपल्या लोकांच्या गावोगावच्या घरांची माहिती ते रोज मला तोंडी सांगत आणि मी टाईप करी. चार महिन्यांचं काम, कागदावर एक ओळ नाही. गुरुवारी विमान, आणि सोमवारी फाईल उघडायलाच दहा मिनिटं लागू लागली. आतून सारखी कुरकुर. गावातल्या दुरुस्तीवाल्याने निकाल दिला, "डिस्क गेली. सगळं पुसून नव्याने भरा."

मंगळवारी मधू आला. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या डब्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कंपनीत पंपाचं बेअरिंग असंच ऐकतात.

"डिस्कचं बेअरिंग शाबूत हाय. गेलं असतं तर एकसुरी घरघर आली असती. ही नुसती धावतेय. ताई, पत्रिका छापून झाल्या की काय करता?"

"पुसते. जागा नको का मोकळी?"

"तिथंच घोळ हाय. काकांची फाईल रोज वाढते नि त्या पुसलेल्या भोकांत जाऊन बसते. एक तुकडा हितं, एक तिकडं. एक पान वाचायचं तर डिस्कची सुई गावभर फिरते."

"आमच्यासारखंच की गो," शेजारी बसलेले काका म्हणाले. मला हसू आलं नाही. पुसून जागा मोकळी ठेवायच्या त्या टापटिपीचा मला अभिमान होता...

तुकडे जुळवायची सोय मशीनमध्येच होती, पण मध्ये वीज गेली तर फाईलच जायची भीती. सकाळपासून दोनदा गेली होती. मधू म्हणाला, आधी फ्लॉपीवर उतरवू. दोन फ्लॉप्या भरल्या. तिसरी वाचेना. डब्यातल्या उरलेल्यांना बुरशी लागलेली, बाजार बंद. दिवे मंद होऊ लागले, तशी त्याने पिशवीतून स्वतःची फ्लॉपी काढली.

"तिच्यात काय आहे?"

"पंपांचे आवाज लिवलेत. कुठला आवाज म्हणजे काय बिघाड."

"मग पुसू नकोस!"

"माझं डोक्यात हाय, परत लिवीन. काका परत येणार नाय."

पुसली. त्यावर काकांची शेवटची पानं उतरली, आणि मिनिटभरात वीज गेली. संध्याकाळी ती आल्यावर मधूने तुकडे जुळवले. फाईल झटक्यात उघडली. बुधवारी छपाई, गुरुवारी काका विमानात.

मधूने ते परत लिहिलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "सुट्टी मिळू दे." मीही कधी म्हटलं नाही, बस, तू सांग, मी टाईप करते. काकांसाठी चार महिने बसले होते...

परवा वरशाला मधूच्या घरच्यांना भेटायला गेले. त्याच्या शिफ्टचे दोघे फिटर ओटीवर बसले होते. मी पिशवीतून वही काढली. "पंपात पाणी कमी पडलं की कसा आवाज येतो म्हणायचा मधू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरल्याने घसा खाकरला. "डब्यात खडी हलवल्यासारखा," म्हणाला आणि तोंडाने काढून दाखवला.

"नाय रे," धाकटा म्हणाला, "मधू तो बारीक काढायचा."

"सावकाश," मी म्हटलं. "एकेक करून सांगा."