देवा, मला पकडून दे

माझ्या भक्तीबद्दल आदिलाबादेत कुणालाही शंका नव्हती. फक्त मला होती.

सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादश्या आणि संकष्टी. मध्ये एखादा वार मोकळा सापडलाच, तर त्यावरही मी कुठला तरी देव आणून बसवायचो. मी मराठी शाळेत मास्तर. दुपारी डबे उघडले की मी खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो आणि मागून ऐकू यायचं, "मास्तरांचं मन बघा, दगडाचं आहे." मी नम्रपणे मान खाली घालायचो. नम्रपणा मला फार छान जमायचा. सुरुवात मात्र अध्यात्माने झालेली नव्हती. एका लग्नात साडूने माझ्या पोटावर थाप मारून "कितवा महिना?" असं विचारलं. मांडव हसला, सगळ्यात मोठ्याने मीच हसलो आणि दुसऱ्या दिवशी पहिला उपास धरला. देवाचं नाव नंतर चिकटवलं.

उपास सुटला की मीही सुटायचो. बायको, म्हणजे मंदा, बाजारात गेली की स्वयंपाकघरात मी आणि डबे. काय खातोय, किती खातोय, याची शुद्ध नसायची. शुद्ध आली की अशी भीती बसायची की खाल्लेलं पोटात राहू द्यायचं नाही. मग मोरी. याला मी पित्त म्हणायचो. मंदा बिचारी माझ्या पित्तासाठी आवळे आणायची. जिना चढताना छातीत पारवा फडफडल्यासारखं व्हायचं, पायांत गोळे यायचे. तरी कुणाला सांगणार? मिशीवाला, चाळिशी उलटलेला मास्तर लपून खातो आणि लपून ओकतो, हे ऐकायला तरी कसं वाटतं? असा करंटा जगात मी एकटाच, याची मला खात्री होती.

आमचं मूळ गाव बेल्याकडे, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. तिथल्या सप्ताहात एक मान असतो. वीणेजवळ बसून सातही दिवस उपास करायचा आणि काल्याच्या दिवशी गावाच्या पटेलांनी, म्हणजे पाटलांनी, पहिला घास भरवून पारणं फेडायचं. त्या वर्षी मान माझ्याकडे आला. पटेल म्हणाले, "मास्तर, तुमच्यावाचून शोभा नाही." शोभा! मी लगेच हो म्हणालो. मंदा म्हणाली, "अवो, तब्येत पाहा आधी." मी तिला भक्तीवर एक छोटं व्याख्यान दिलं. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

काल्याच्या सकाळी मी देवळात एकटा होतो. आरशात चेहरा पाहून आलो होतो, गाल सुजलेले आणि डोळे खोल. देवासमोर बसलो आणि पहिल्यांदा खोटं काही सुचेना. वाचव म्हणायला धीर होत नव्हता, कारण वाचलो तर हे सगळं सोडावं लागेल असं वाटायचं. शेवटी चोरासारखं पुटपुटलो, "देवा, मला पकडून दे." एवढंच. आणि प्रार्थना करून उठलो तो कुठे गेलो? सरळ भटारखान्यात. आचारी पाणी आणायला गेला होता आणि काल्याची बुंदी परातीत होती. देवाने ऐकलं असेल तर त्याला वाटलं असेल, या माणसाला पकडायला मेहनत पडणार नाही.

थोड्या वेळाने देवळामागच्या नळावर मी तोंड धूत होतो. खिशातून मंजनाची पुडी काढली, तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला.

"अन्ना, मंजन नका लावू लगेच. नुसती चूळ भरा. आत्ता घासलं तर दात जास्त झिजतात."

मी जागच्या जागी गार पडलो. वळून पाहिलं तर पस्तिशीची एक बाई, हातात रिकामा तांब्या. तिचं मराठी तेलुगू वळणाचं होतं, अन्ना म्हणजे दादा. गावातल्या कुणा मैत्रिणीबरोबर काला पाहायला आलेली, नाव श्रीलता. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की या बाईला माहीत आहे. मी म्हणालो, "उपासाचं पित्त आहे."

"हो," ती म्हणाली, "मला पण पित्तच होतं. किती वर्षं पित्तच होतं."

तिच्या डोळ्यांत ना कीव होती, ना किळस. मला ते सहन झालं नाही. देवाला पकडून दे म्हटलं होतं हे विसरून मी चक्क पळालो. उपवासी महापुरुष धोतर सावरत नळावरून पळतोय, असं दृश्य गावाने पाहिलं नाही ही त्या दिवसाची पहिली कृपा.

दुसरी कृपा तासाभरात आली, पण तिचा वेष भयंकर होता. टाळमृदंग टिपेला पोचले होते. पटेलांनी माझ्यासाठी घास उचलला. मी तोंड उघडलं आणि छातीतला पारवा एकदम वेडा झाला. हातपाय आखडले, बोटं वाकडी झाली, डोळ्यांपुढे सारं पांढरं झालं आणि मी वीणेशेजारी कोसळलो. कान मात्र चालू होते. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"अंगात आलं! मास्तरच्या अंगात आलं!"

क्षणात माझ्या गळ्यात हार पडला. कुणी कपाळाला कुंकू फासलं, कुणी माझ्या मिशीजवळ कापूर पेटवला. बायकांची रांग लागली. इकडे माझा जीव चालला होता आणि एक बुढी माझे पाय घट्ट धरून विचारत होती, "महाराज, माह्या पोराले नोकरी लागन का? सांगा ना, काऊन बोलून नाही राह्यले?"

खरं सांगतो, माझी जीभ वळत असती तर मी "लागेल" म्हणून मोकळा झालो असतो. मरता मरताही मान सोडवत नव्हता.

कुणीतरी तोंडात तीर्थ ओतायला वाकलं आणि गर्दीतून तो मघाचा आवाज कडाडला, "तोंडात काही घालू नका! ठसका लागेल! बाजूला व्हा सगळे!"

पटेल चिडले. "बाई, देव आला हाये त्याच्या अंगात."

"पटेल, त्याच्या अंगात काही आलं नाही. अंगातलं सगळं गेलंय. मीठ गेलंय, पाणी गेलंय. गाडी काढा, नाही तर तुमचा देव इथेच मरतो."

देवळात असं कुणी बोलत नाही. सगळे अवाक् झाले आणि त्या अवाक्‌पणातच पटेलांनी आपली जीप काढली. श्रीलताने मला कुशीवर वळवून धरलं होतं. वाटेत शेजारी बसलेल्या मंदाला तिने यातलं काही सांगितलं नाही. माझ्या कानाशी वाकून मात्र म्हणाली, "अन्ना, घरच्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. डॉक्टरला खोटं नको. निदान आजचा दिवस तरी नको."

दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त तपासलं. पोटॅशियम फार खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. मग त्यांनी विचारलं, "उलट्या होतात का?" मी मंदाकडे पाहिलं, श्रीलताकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. आणि म्हणालो, "होत नाहीत. मी करतो."

मला वाटलं, आता मंदा रडेल. तिने माझ्या कपाळावरचं कुंकू पदराने पुसलं आणि म्हणाली, "मले वाटे, तुमी देवाचे झाले. म्हणून मी काही मागत नव्हते तुमाले." हे मात्र त्या दिवसातल्या सगळ्या घावांपेक्षा जोरात लागलं.

बरा झाल्यावर श्रीलताने मला तिच्या मंडळींत नेलं. आदिलाबादेत एका शिवणवर्गाच्या वरची खोली, रविवारची दुपार. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. सगळे याच दुखण्यातले. कॉलेजातली एक मुलगी, व्यायामशाळेत शिकवणारा एक तगडा गडी, बेल्लमपल्लीहून गाडीने येणारे कोळसाखाणीतले एक निवृत्त काका. औषधपाणी ज्याचं त्याने डॉक्टरकडे करायचंच. इथे फक्त सोबत. मी आपला सवयीने उभा राहिलो आणि संयम या विषयावर सुंदर बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तो तगडा गडी म्हणाला, "मास्तर, हे आमाले पाठ हाये. तुमी जेवले का?"

मी जेवलो नव्हतो.

तिथे वरणभाताची पंगत बसायची आणि त्या पंगतीचे नियम आपल्या पंगतीच्या अगदी उलटे. आग्रह करायचा नाही. शाबासकी द्यायची नाही. कुणाच्या अंगावरून, कुणाच्या पानावरून शब्द काढायचा नाही. गप्पा पावसाच्या, सासूच्या, कापसाच्या. आपल्याकडे "घ्या हो, एक घ्याच" म्हणून जीव घेतात किंवा "वा, काही घेत नाहीत" म्हणून हार घालतात. या दोन्हींच्या मधली जागा मी तोवर पाहिलेलीच नव्हती.

मी श्रीलताला म्हणालो, "आता शपथ घेतो. पुन्हा कधी नाही." ती घाईने म्हणाली, "शपथ नको, अन्ना! शपथ पण उपासच आहे. मोडली की तुम्ही गायब व्हाल." मी विचारलं, मग काय करू? ती म्हणाली, "झालं तर लपू नका. चूळ भरा, मीठसाखरेचं पाणी घ्या, आम्हाला फोन करा. रक्त तपासत राहा. उपास बंद. थांबा म्हणायला मी कोण? माझंच अजून पुरतं थांबलं नाही." मला पुन्हा धक्का बसला. वाचवणारा स्वतः काठावर उभा असतो अशी माझी समजूत होती. ही तर पाण्यातच होती, माझ्याच शेजारी.

पुढे मी सुधारलो आणि घसरलोही. घसरल्यावर पहिला फोन केला तेव्हा सवयीने म्हणालो, "जरा पित्त झालं होतं." पलीकडून काका हसले, "आमाले बी लई व्हायचं." कधी श्रीलताचा फोन यायचा. मग मी आणि मंदा तिच्याकडे जाऊन नुसते जेवायला बसायचो. देवाने पकडून दिलं, पण कोठडीत नाही, पंगतीत.

पुढच्या सप्ताहाला पटेल पुन्हा आले. मी म्हणालो, "मान दुसऱ्याला द्या. मी जेवायला येतो." त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी आग्रह धरला नाही. गेल्या वर्षीची जीप त्यांनाही आठवत असावी. काल्याला मी सर्वांबरोबर पान मांडून बसलो. गाव माझ्याकडे असं पाहत होतं, जणू मीच दहीहंडी फोडून पळालो आहे. वाढपी वाकला, "घ्या मास्तर!" मी म्हणालो, "बस." एवढा एक शब्द म्हणायला मला घाम फुटला.

हात धुऊन उठलो तर समोर ती बुढी! थेट पायांवर कोसळली. "महाराज, लागली! पोराले नोकरी लागली!" मी परोपरीने सांगितलं की त्यात माझा काही हात नाही, मी तेव्हा मरत होतो. ती ऐकेचना. मग जवळ सरून कौतुकाने म्हणाली, "आता माह्या नातीले आशीर्वाद द्या. तुमच्यावानीच हाये पोरगी. सारे उपास करते. सप्त्यात अन्नाले शिवली नाही. जरा पित्त होते, बस्स."

हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

"आजी, कुठं आहे ती?"

"नळावर गेली, तोंड धुवाले."

मी मंदाकडे पाहिलं. मंदा आधीच उठली होती. देवळामागे तोच नळ आणि एक मुलगी, ओढणीने चेहरा पुसत असलेली, हातात ब्रश. तिला लाजवायचं नाही म्हणून मी थोडं दूर, ओट्यावर बसलो. मंदा माझ्या शेजारी बसली. माझ्याजवळ ना शहाणपण होतं, ना आशीर्वाद. होतं ते मला दिलेलं एक वाक्य, तेच पुढे केलं.

"बाळा, ब्रश नको करू लगेच. नुसती चूळ भर."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते गेल्या वर्षी याच जागी माझ्या चेहऱ्यावर होतं. "पित्त आहे, काका," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो, "मलाही पित्तच होतं."

ती पळाली नाही. माझ्यापेक्षा शहाणी होती. नळ तसाच वाहत राहिला आणि ती हळूहळू ओट्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. आत काल्याचा गजर चालला होता. समर्पण म्हणजे सगळं सोडून देणं, असं मी शाळेत मुलांना शिकवत आलो. आता वाटतं, लपणं सोडलं तरी पुष्कळ. बाकीचं धरायला देव कुणाला तरी पाठवतो. आणि कधी, देवा, तुझी गंमत अशी की माझ्यासारख्यालाही पाठवतोस.

मंदाने तिच्याकडे सरकून तिच्या ओढणीवरचे पाण्याचे थेंब झटकायला हात पुढे केला आणि विचारलं, "बाई, तुझं नाव काय?"